छत्तीस सेकंद

गाडी समोरून सुसाटत गेली तशी मैलाच्या दगडाशी उकिडव्या बसलेल्या आनंदानं हातातल्या घड्याळाची कळ दाबली. काट्याकडे पाहिलं, मग घड्याळ कानाला लावून पाहिलं. घड्याळ बरोबर चालत होतं.

पुढच्या वळणावरून गाडी परत आणून बेहरामशेटनं ती त्याच्या शेजारी उभी केली. "किती?"

"एकोणचालीस."

शेटनं गॉगल कपाळावर चढवला. "वारा समोरून आहे आज."

आनंदानं कळ पुन्हा दाबून काटा शून्यावर आणला. तो सातपाटीचा. वाऱ्याचं त्याला कोणी सांगायला नको होतं. सकाळचा मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो. बोईसरहून तारापूरकडे निघालेल्या गाडीच्या तो पाठीशी असतो. म्हणजे वाऱ्याची मदत घेऊनही एका मैलाला एकोणचाळीस सेकंद लागले होते. फेब्रुवारीत, मद्रासला जाण्याआधी, हीच गाडी याच रस्त्यावर छत्तीस सेकंदांत मैल काढत होती.

अलीकडच्या दगडावर लाल फडकं घेऊन उभा राहिलेला झिपरू सायकल मारत आला. आनंदानं त्याला उतरूही दिलं नाही.

"झेंडा कवा पाडलास?"

"गाडीचा नाक दगडाला लागला तवा."

"आदी नाय ना?"

"आदी कशाला पाडीन?" झिपरूनं सायकल झाडाला टेकवली आणि फडक्याची घडी घालत राहिला. रविवार असल्यानं रस्त्यावर अणुवीज केंद्राच्या बांधकामाचे ट्रक नव्हते. दूरवर एक बैलगाडी तेवढी येत होती. शेटनं तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "चला, आज पुरे."

पूर्वी बैलगाडी जाईपर्यंत थांबून शेट आणखी चार फेऱ्या मारायचा. तेही आनंदाच्या ध्यानात आलं, पण त्या दिवशी त्यानं ते बाजूला ठेवलं. त्याचा संशय इंजिनावर होता.

आनंदा तांडेल हा होड्यांच्या इंजिनांचा माणूस. सातपाटीच्या होड्यांवर शिडाच्या जोडीला डिझेल इंजिनं बसू लागली तेव्हा मच्छीमार सोसायटीनं चार जणांना ती शिकायला पाठवलं, त्यात हा एक. समुद्रात पाच मैलांवर इंजिन बंद पडलं तर माणसं परत येत नाहीत, म्हणून त्याला प्रत्येक नट-बोल्टवर अविश्वास ठेवायची सवय लागली होती. दुसऱ्यानं आवळलेला नट तो पुन्हा सैल करून स्वतः आवळायचा. बायको नर्मदा म्हणायची, "मी ताटात मीठ घातला तरी तुमी चाटून बगता."

बेहरामशेट तारापूरचा पारशी. चिकूची मोठी बाग, वय बत्तीस, लग्न नाही, आणि मोटारींचा नाद. बागेतल्या पंपाचं इंजिन दुरुस्त करायला आनंदाला बोलावलं आणि काम झाल्यावर शेटनं त्याला शेडमध्ये नेऊन एक मोडकी फियाट दाखवली. "हिची रेसची गाडी करायची. होईल?" आनंदानं बॉनेट उघडून बराच वेळ आत पाहिलं आणि म्हणाला, "होईल. पन मी सांगीन तसा." त्याच बागेत पाणी सोडायला असलेला झिपरू, सफाळ्यापलीकडच्या डोंगराखालच्या पाड्यावरचा वारली, त्या दिवशी गाडी ढकलायला हाताशी आला आणि मग शेडमध्येच राहिला. त्याला लिहितावाचता येत नव्हतं, पण इंजिनाचा आवाज ऐकून कुठला सिलिंडर मागे पडतोय ते तो सांगायचा. नट आवळताना तो प्रत्येकाखाली डांबरात भिजवलेल्या सुताचा एक वेढा द्यायचा. बागेच्या पंपावर तसं करायची सवय होती. आनंदा हसायचा, पण तो नट कधी सैल होत नसे.

अशी तीन माणसांची ती टीम. पहिल्या वर्षी, त्रेसष्ट साली, जुहूच्या धावपट्टीवर नवशिक्यांच्या गटात त्यांचा तिसरा नंबर आला. गाडीचा पत्रा पालघरच्या तांबटानं ठोकलेला होता, त्यावर हातोडीचे ठसे दिसत होते. मुंबईच्या एका गिरणीवाल्याच्या टीमचा मेकॅनिक पांढऱ्या डगल्यात उभा राहून म्हणाला होता, "ये गाडी है के हंडा?" दुसऱ्या वर्षी हंड्यानं अकराशे सीसीच्या गटात पहिला नंबर काढला. मग शेटनं मुंबईहून पाइप आणवून नवा सांगाडा करवला, चाकं उघडी असलेली एका माणसाची गाडी, ज्युनियर गटातली. चिकूच्या ट्रकवर ती चढवून तिघे चार दिवस रस्ता तुडवत मद्रासला गेले आणि शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर दुसरे आले. मुंबईच्या एका पेपरात चार ओळी छापून आल्या. त्यात आनंदाचंही नाव होतं. नर्मदानं ते कात्रण पाटावर ठेवून पुन्हा पुन्हा वाचायला लावलं.

त्याच शर्यतीत चौथ्या फेरीला पुढची गाडी वळणावर ड्रमांना धडकून उलटली होती. कोणी तरुण पोरगा होता, मद्रासकडचाच. शेट त्याच्या बाजूनं निघून गेला, म्हणूनच दुसरा आला. परतीच्या चार दिवसांत शेटनं एवढंच विचारलं, "तो वाचला काय?" कोणाला ठाऊक नव्हतं.

आणि तेव्हापासून गाडी मंदावली.

आनंदानं पावसाळ्यात दोनदा इंजिन उघडलं. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व सगळं तपासलं. कार्बोरेटर धुतले. इंजिन जागेवर फिरवायचं असलं की तो नेहमी कार्बोरेटरपाशी उभा राहून हातानं तार ओढायचा; आवाज पूर्वीसारखा भरून यायचा. रस्त्यावर गेली की मात्र गाडी कुठंतरी अडकल्यासारखी धावायची. शेडमध्ये सगळं ठीक, रस्त्यावर तीन सेकंद गायब. मग मधल्या मधे कोणीतरी काहीतरी करत होतं.

एकदा हा विचार डोक्यात शिरला तो जाईना. त्यानं इंजिनाच्या प्रत्येक नटावर तांबड्या रंगाची बारीक रेघ मारली. रेघा हलल्या नाहीत. पेट्रोलच्या डब्याला लाखेचं सील केलं. सील तुटलं नाही. शेडच्या दाराला खालून दोरा बांधला. तो मात्र दोन वेळा तुटलेला सापडला.

शेडच्या किल्ल्या तीन. एक त्याच्याकडे, एक शेटकडे, एक झिपरूकडे.

"झिपरू तसा मानूस नाय," नर्मदा म्हणाली. ती बोंबील उन्हात घालत होती. "तुमच्याआदी तो गाडीला हात लावत नाय."

"जुहूला त्या गिरणीवाल्याच्या मेकॅनिकनं त्याला बाजूला नेला हुता. बिडी दिली. धा मिंटं बोलत हुते. मी इचारला तं सांगतो, काय नाय, पावसाचा बोलत हुता."

"मंग बोलला असंल पावसाचा."

"मुंबईचा मेकॅनिक वारल्याशी पावसाचा बोलंल?"

नर्मदानं काठीवरचा एक बोंबील सरळ केला. "तुमाला गुनेगार पायजेच हाय तं मिलंल," ती म्हणाली आणि रिकामी टोपली घेऊन आत गेली.

तो मिळाला दिवाळीच्या आधी. आनंदा सोसायटीच्या एका इंजिनासाठी दोन दिवस सातपाटीतच अडकला होता. काम लवकर आटोपलं म्हणून भर दुपारी तो न सांगता बागेत गेला. शेडचं दार अर्धं उघडं होतं. आतून झिपरू बाहेर येत होता. त्याच्या हातात दहा नंबरचा पाना होता आणि कमरेच्या फडक्याला तो पुसत होता.

आनंदाला पाहून तो जागच्या जागी थांबला.

"पाना कशाला?"

झिपरूचा पुसणारा हात थांबला.

"मी इचारतो, पाना कशाला? आज गाडीचा काय काम हुता?"

"काय नाय."

"काय नाय तं पाना पुसतोस कशाला?"

झिपरूनं एकदा बागेच्या बाजूला, शेटच्या बंगल्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली. त्या एका नजरेचा आनंदानं वेगळाच अर्थ लावला. त्याला वाटलं, हा पळायची वाट बघतोय.

"गिरणीवाल्यानं काय कबूल केला तुला? तिकडं ठेवून घेनार हाय? गाडी मद्रासला जायची नाय, असाच ना?" त्याचा आवाज चढला नव्हता. होडीवर इंजिन बंद पडतं तेव्हा तो बोलायचा त्याच थंड आवाजात तो बोलत होता. "तीन वरसं एका ताटात जेवलो, झिपरू. मी तुला हात धरून शिकवला. तूच ह्ये केला. किल्ली ठेव आनि जा."

"जा म्हनतोस?"

"जा."

झिपरूनं पाना जागेवर, खिळ्याला अडकवला. किल्ली बाकावर ठेवली. बागेच्या कुंपणापर्यंत तो सावकाश चालत गेला, जसा रोज पाणी सोडायला जायचा.

दुसऱ्या दिवशी आनंदानं शेटला सांगितलं. शेट दाढी करत होता. वस्तरा थांबला. "हाकलला?" एवढंच तो म्हणाला, आणि मग बराच वेळ आरशात पाहत राहिला. आनंदाला वाटलं, शेटला विश्वासघाताचा धक्का बसला.

त्यानंतर गाडी वेगात यायला हवी होती. आली नाही. डिसेंबरात जुहूला ते चौथे आले. झिपरूच्या जागी हाताशी आणलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरवर आनंदानं नजर ठेवली. पेट्रोल बदललं. रात्रपाळीच्या राखणदाराला उलटसुलट विचारलं. पालघरच्या दुकानातून आणलेल्या तेलावर शंका घेतली, इतकी की दुकानदार म्हणाला, "भाऊ, तुम्ही दुसरीकडून घ्या." एकोणचाळीस सेकंद काही हलेनात. शोलावरमहून मात्र पत्र आलं. या वर्षी त्यांना वरच्या गटात, देशातल्या पहिल्या दहा-बारा गाड्यांबरोबर धावायचं बोलावणं होतं.

जानेवारीच्या एका सकाळी ब्रेक कमीजास्त करताना पॅडलवर पाय ठेवायला कोणी नव्हतं. ड्रायव्हर ट्रक घेऊन बोईसर स्टेशनला गेला होता. आनंदा चपला काढून गाडीत बसला. गाडी केल्यापासून तो त्या जागेवर कधी बसला नव्हता. ती जागा शेटच्या मापानं केलेली, शेटची. त्याचे गुडघे अडकले. ब्रेकवरून पाय काढताना तो घसरून शेजारच्या, ॲक्सिलरेटरच्या पॅडलवर पडला आणि त्यानं ते सवयीनं खाली दाबलं.

पॅडल खालपर्यंत गेलं नाही. अर्ध्यापुढे जाऊन कशावर तरी टणकन थांबलं.

त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा थांबलं. तो बाहेर आला, पोटावर झोपला आणि डोकं आत घातलं. पॅडलच्या मागे, पत्र्याला भोक पाडून, बोटभर लांबीचा एक स्क्रू बसवलेला होता. त्याच्यावर दहा नंबरचा नट होता. आणि नटाखाली डांबरात भिजवलेल्या सुताचा एक नेटका वेढा.

आनंदानं पडल्यापडल्याच त्या वेढ्यावरून बोट फिरवलं. झिपरूनं हे केलं होतं, यात आता शंका नव्हती. पण ज्याला गाडी बिघडवायची आहे तो पॅडलखाली स्क्रू बसवणार नाही. गाडी चालवणाऱ्याच्या पायाला तो पहिल्याच दिवशी कळेल. गेले अकरा महिने दर रविवारी तो स्क्रू शेटच्या पायाखाली होता.

शेट बागेत चिकूच्या करंड्या भरून घेत होता. आनंदानं स्क्रू तळहातावर ठेवून पुढे केला. शेटनं तो पाहिला, बायांना पलीकडे पाठवलं आणि एका पालथ्या करंडीवर बसला.

"बस, आनंदा."

आनंदा उभाच राहिला.

"मद्रासपासून," शेट म्हणाला. "तो पोऱ्या माझ्या समोर उलटला ना, तेव्हापासून. गाडी जोरात गेली की माझा पाय आपोआप वर येते. मी लय सांगून पाहिलं त्याला. ऐकत नाही. आणि पाय उचलला की आवाज पडते. मागच्याला कळते, बघणाऱ्याला कळते. स्क्रू असला की पाय खालीच राहते. मला वाटते, मी पूर्ण दाबून चालवतो." त्यानं एक चिकू उचलला आणि परत ठेवला. "स्क्रू कोणाला दिसत नाही."

"मला सांगायचा हुता."

"कुठल्या तोंडानं? तू दोनदा इंजिन उघडून बसला. पेपरमध्ये तुझं नाव आलं. मी तुला सांगू, मला भीती वाटते?"

"झिपरूला सांगितला."

"पाना मला नटावर धरता येईना. त्याच्याकडून करून घेतलं. दिवाळीच्या वेळी परत एकदा बघून घेतला, घट्ट आहे ना. त्याला शपथ घातली, कोणाला सांगायचं नाही. आनंदाला तर नाहीच."

वाडीतल्या रहाटाचा आवाज येत होता. आनंदाला तो दिवस आठवला, आणि बंगल्याकडे वळलेली झिपरूची ती नजर.

"मी त्याला हाकलला तवा तुमाला कलला हुता," तो म्हणाला. "मंग परत बोलावला का नाय?"

शेटनं करंडीची सुटलेली काडी आत खोचली. "बोलावला असता तर तुला सगळं सांगावं लागलं असतं," तो म्हणाला. बोलताना त्यानं वर पाहिलं नाही.

आनंदाला राग यायला हवा होता. आला तो स्वतःचाच. दोरे बांधले, सील केलं, रेघा मारल्या, सगळ्या जगाकडे तिरप्या नजरेनं पाहिलं. फक्त ज्याच्यासाठी ही गाडी केली त्या माणसाच्या तोंडाकडे एकदाही नीट पाहिलं नाही. आता पाहिलं. शेटच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. चाळिशीच्या माणसासारखा दिसत होता तो.

"मद्रासला जायचा नाय," आनंदा म्हणाला.

"पत्र आलं आहे. समद्या बॉम्बेला माहीत आहे. काय सांगू?"

"लिवा, इंजिन गेला. मेकॅनिकच्या चुकीनं गेला म्हनून लिवा."

"नाही, आनंदा."

"लिवा शेट. होडीवाल्याकडून चूक झाली म्हटला तं कोनी दुसरा काय इचारनार नाय."

शेट आणखी एकदा नको म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला नाही.

पत्र गेलं. आनंदानं म्हटलं होतं तसंच झालं. कोणी दुसरं काही विचारलं नाही. मुंबईच्या गॅरेजांतून ते बोलणं फिरत फिरत बोईसरपर्यंत आलं, की शेवटी होडीवाला तो होडीवालाच. दोन गॅरेजवाल्यांनी त्याला कामाला बोलावलं होतं, त्यांचं पुढे काही आलं नाही. नर्मदानं एकदा विचारलं, "खरंच तुमी बिगडवला?" तो म्हणाला, "होय." तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागली. पण तिचा विश्वास बसला नव्हता, हे त्याला दिसलं, आणि त्याला बरं वाटलं.

मग एक दिवस तो सफाळ्याला उतरून झिपरूच्या पाड्यावर गेला. घराच्या कुडाच्या दाराला बाहेरून आडवं लाकूड लावलेलं होतं. शेजारच्या ओट्यावर बुधी नावाची एक म्हातारी बसली होती.

"झिपरू कुठं गेला?"

"भट्टीव गेला. बायकूला घेऊन गेला. आदी नाय जायचा, बागेत हुता ना. आता जायला लागला." तिनं त्याला खालवर न्याहाळलं. "तू कोन? मुकादमाचा मानूस काय?"

"नाय. वलखीचा हाय."

"कंची भट्टी त्ये मना ठावं नाय," ती म्हणाली. ठाऊक असूनही तिनं सांगितलं नसावं, असं त्याला वाटलं. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

पाड्यावरची माणसं भिवंडीच्या बाजूला जात, आणि तिथं विटांच्या भट्ट्या कमी नाहीत. आनंदा दर रविवारी निघायचा. प्रत्येक भट्टीवर तोच प्रश्न यायचा: तू कोण, कशाला शोधतोस, त्यानं काय केलंय? चौथ्या रविवारी, कामणच्या पुढे, झिपरू सापडला. ओल्या विटांच्या रांगांमध्ये तो वाकून साचा उपडा करत होता. कोपरापर्यंत चिखल होता. त्यानं आनंदाला पाहिलं, साचा खाली ठेवला आणि मडक्यातलं पाणी काढून दिलं. आनंदा ते प्यायला.

"शेटनं सांगितला सगला," आनंदा म्हणाला.

"बरा झाला. शेट गाडी चालवतो काय?"

"नाय. बंद केली."

झिपरूनं मान हलवली. त्याला ते मनापासून बरं वाटलं असावं. "त्याचा पाय लय कापायचा," तो हळूच म्हणाला.

"शपत हुती, त्ये समजला. पन मी इतका बोललो, गिरणीवाल्याचा नाव घेतला. तेवडा तरी खोटा हाय म्हनायचा हुता."

झिपरू हातावरचा वाळलेला चिखल खरवडत होता. "तू इचारला कुठं?" तो म्हणाला. "तू सांगितला."

आनंदानं वाटभर घोकत आणलेलं सगळं एकाएकी कामाचं राहिलं नाही.

"परत ये," शेवटी तो म्हणाला. "बागेत नको तं सोसायटीत ये. मी बोललोय. इंजिनाला तुझा कान पायजे."

"पावसापर्यंत इकडंच हाय. मुकादमाला शबूद दिलाय." एवढं सांगून झिपरू थांबला. पावसानंतरचं तो काही बोलला नाही. पलीकडून हाक आली तसा तो साचा उचलून रांगेकडे वळला.

आनंदा भट्टीच्या कडेला उभा राहिला. ऊन चढलं. विटांच्या रांगा एकामागून एक वाढत गेल्या. दुपारी झिपरूची बायको पारू डोक्यावर टोपली घेऊन आली. तिनं नवऱ्याला भाकरी दिली, स्वतःची काढली, आणि मग आनंदापाशी येऊन ती आपली भाकरी मधोमध मोडली. अर्धी त्याच्या हातावर ठेवली, त्याच्या तोंडाकडे न पाहता. आनंदानं ती तिथंच, उभ्यानं खाल्ली.